एकाच वाफशावरचे मणी

औसा तालुक्यात जुलै महिन्यात सोयाबीनचे रान बघितले की पेरणी कशी झाली हे कुणाला विचारावे लागत नाही. पाऊस बरा झाला, वाफसा आला, दोन दिवसांत पेरून घेतले, तर सगळी रोपे एका उंचीची. ओल पुरेशी नसताना घाई केली, निम्मे बी आधी उगवले आणि निम्मे पुढच्या सरीवर, तर रान खालवर दिसते. मागून आलेली रोपे पुढच्यांच्या सावलीत खुरटतात. काढणीच्या वेळी काही शेंगा तडकायला आलेल्या आणि काही हिरव्याच. मधल्या काळात कितीही खत घाला, फवारण्या करा, तो फरक भरून निघत नाही.

रसायनशास्त्रातला एक प्रश्न बरीच वर्षे नेमका इथेच अडला होता, आणि थोडाफार अजूनही अडलेला आहे. प्लॅस्टिकचे अगदी बारीक गोल मणी करायचे. एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण चाळिसावा भाग. ते सगळे एका मापाचे हवेत. शिवाय आतून असे बांधलेले हवेत की टोल्युइनसारख्या द्रावकात टाकले तरी विरघळू नयेत, फार तर फुगावेत. यातली एकेक अट वेगळी घेतली तर सोपी आहे. दोन्ही एकत्र मागितल्या की एक अट दुसरीच्या मुळावर उठते. हे भांडण कसे सोडवत आणले आणि आपल्याकडे त्याचे काय झाले, त्याचा हा आढावा.

औशात असे मणी करणारा कारखाना नाही. वापर मात्र रोज होतो. संधिवाताची शंका आली की डॉक्टर 'आरए' तपासणी लिहून देतात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काळ्या काचपट्टीवर रक्तद्रवाचा एक थेंब आणि दुधासारख्या पांढऱ्या द्रवाचा एक थेंब एकत्र कालवतात. दोन मिनिटांत रवाळ गुठळ्या दिसल्या तर तपासणी होकारार्थी. तो पांढरा द्रव म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिस्टायरीनचे कोट्यवधी मणी. प्रत्येकावर प्रतिपिंडांचा लेप दिलेला असतो. रक्तातला संधिवाताचा घटक दोन मण्यांना धरतो, मग तिसऱ्याला, आणि डोळ्याला न दिसणारी गोष्ट डोळ्याला दिसू लागते. सिंगर आणि प्लॉट्झ या दोघांनी ही युक्ती १९५६ साली मांडली. गोव्यातल्या ट्यूलिप डायग्नोस्टिक्सचे 'ऱ्हेलॅक्स' हे संच याच तत्त्वावर चालतात. मणी लहानमोठे असतील तर गुठळी कधी लवकर होते, कधी उशिरा, आणि एका डबीचा निकाल दुसऱ्या डबीशी जुळत नाही. एकसारखेपणाचे महत्त्व इथून सुरू होते.

दुसरा वापर पाण्यातला. लातूर हे डाळीचे गाव, आणि याच भागात बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून बायका वैतागतात. बेसाल्टच्या खडकातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ती गाडी सगळ्यांच्या लक्षात आहे. जे पाणी जमिनीखाली होते त्याच्या जडपणाची बातमी मात्र कधी झाली नाही. हॉटेलात, बॉयलरवर, डायलिसिसच्या खोलीत हे पाणी हलके करायला जी टाकी बसवतात तिच्यात पिवळसर तांबूस दाणे भरलेले असतात. तेही पॉलिस्टायरीनचेच, पण अर्धा-पाऊण मिलिमीटरचे, आणि आतून डायव्हिनाइलबेंझीन नावाच्या जोडणाऱ्या रेणूने बांधलेले. बोलताना सगळे त्याला डीव्हीबी म्हणतात, आपणही तेच म्हणू. हे दाणे पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. मिठाच्या पाण्याने धुतले की पुन्हा ताजे होतात. वर्षानुवर्षे फुगणे आणि आकसणे सोसूनही ते फुटत नाहीत, याचे श्रेय त्या आतल्या बांधणीला जाते.

ही बांधणी म्हणजे काय, हे औसा तालुक्यातल्या माणसाला समजावणे फार अवघड नाही. किल्लारी याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी घरे कोसळली त्यांच्या भिंती जाड होत्या, दगडाच्या होत्या, वर मातीचे जड माळवद होते. पण भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांना आरपार धरणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्का बसला, दोन थर एकमेकांपासून सुटले, आणि माळवद खाली आले. पुढे उरलेल्या घरांची डागडुजी करताना भिंतीला आरपार भोके पाडून तिथे जोड बसवण्यावर आणि भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा बांधण्यावर भर दिला गेला, तो यामुळेच. पॉलिमरच्या लांब साखळ्या म्हणजे हे सुटे थर. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण जोडलेल्या नसतात. द्रावक आत शिरला की एकेक साखळी सुटून निघून जाते. दोन साखळ्यांना आरपार धरणारा रेणू मधे मधे बसवला की मणी एकसंध होतो. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. जर्मनीत श्टाउडिंगर यांनी १९३४ साली दाखवले की स्टायरीनमध्ये डीव्हीबीचा नुसता अंश असला, तरी तयार झालेले पॉलिमर विरघळत नाही, फक्त फुगते.

आता मणी करायचे कसे? सगळ्यात जुनी पद्धत बुंदी पाडण्याची. स्टायरीन तेलकट असते, पाण्यात मिसळत नाही. पाण्यात ते जोरात घुसळले की थेंब होतात, थेंबांभोवती चिकटपणा धरणारा एखादा पदार्थ घातला की ते एकमेकांत मिसळत नाहीत, आणि तापवले की प्रत्येक थेंब जागच्या जागी घट्ट होऊन मणी बनतो. याला सस्पेन्शन पॉलिमरायझेशन म्हणतात. डीव्हीबी पहिल्यापासून घातले तरी काही बिघडत नाही, कारण थेंब आधीच ठरलेला आहे. आत काय शिजते त्याच्याशी त्याच्या मापाचा फारसा संबंध नाही. पण झाऱ्यातून पडलेली बुंदी कधी एकसारखी असते का? घुसळण्याने थेंब फुटतात ते वाटेल तसे. मग चाळण्या लावायच्या आणि हव्या त्या मापाचे दाणे निवडायचे. डाळ मिलमध्ये तुरीची प्रतवारी करतात तसेच.

महाराष्ट्रातले सर्वांत मोलाचे काम याच पद्धतीवर झाले. पुण्यात पाषाणला नॅशनल केमिकल लॅबोरेटरी (एनसीएल) ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. उद्घाटनाला पंडित नेहरू होते. काही वर्षांतच पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन निघू लागले. या दोन ठिकाणांमधले अंतर थोडे आणि प्रश्न एक. पेनिसिलिन जी या मूळ औषधाचे शेपूट कापले की ६-एपीए नावाचा गाभा मिळतो, आणि त्यावर नवे शेपूट लावून अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन बनते. कापण्याचे काम एक एन्झाइम करते, पेनिसिलिन अॅसिलेज. एन्झाइम महाग. पाण्यात नुसते विरघळवून वापरले तर एका खेपेत गेले. ते एखाद्या घट्ट मण्यावर बांधून ठेवले, तर मणी गाळून काढायचे आणि पुन्हा पुन्हा वापरायचे. एनसीएलमध्ये डॉ. एस. पोनरत्नम आणि सहकाऱ्यांनी ग्लिसिडिल मेथाक्रिलेट या मोनोमरपासून, म्हणजे साखळीच्या सुट्या दुव्यापासून, सच्छिद्र, क्रॉसलिंक केलेले मणी तयार केले. त्यातल्या इपॉक्सी कड्या एन्झाइमला आपणहून धरतात. १९९० च्या दशकातले हे काम पिंपरीच्या संशोधकांना बरोबर घेऊन झाले. क्रॉसलिंक करणारा रेणू बदलला, त्याचे प्रमाण बदलले, की मण्याच्या पोटातल्या छिद्रांचे माप बदलते आणि किती एन्झाइम टिकते तेही बदलते, हे त्यांनी बारकाईने तपासले.

मला हे काम आवडते, आणि या लेखाच्या विषयाशी ते थोडे वाकडे जाते हेही मान्य आहे. ते मणी मापाने एकसारखे नव्हते, चाळून घेतलेले होते. त्यांना तसे असण्याची गरजही नव्हती. टाकीतला दाणा असो की एन्झाइमचा मणी, तिथे छिद्र महत्त्वाचे, माप दुय्यम. एकसारखेपणाची हौस सगळीकडे करू नये. जिथे एकेक मणी मोजला जातो, जिथे तो एखाद्या उपकरणाची फूटपट्टी असतो, जिथे दोन काचांमधले अंतर त्याच्यावर तोललेले असते, तिथेच तिचा खर्च परवडतो. पातळ टीव्हीच्या पडद्यात दोन काचांमधे चार-पाच मायक्रॉनची फट राखायला जपानी कंपन्यांनी असेच क्रॉसलिंक केलेले मणी वापरले. तिथे एक मणी जरी मोठा निघाला तरी डाग दिसतो, आणि मणी मऊ असला तर काचेखाली चिरडतो. दोन्ही अटी एका ठिकाणी आल्या त्या अशा.

एक ते दहा मायक्रॉन ही मधली पट्टी मोठी अडचणीची. बुंदीच्या पद्धतीने इतके बारीक आणि सारखे दाणे पडत नाहीत. साबणाच्या पाण्यातली इमल्शन पद्धत रबर आणि रंगासाठी उत्तम, एकसारखे कणही देते, पण ते मायक्रॉनच्या खाली राहतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी डाऊ कंपनीच्या एका लॅटेक्समध्ये असे कण आपसूक सापडले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या लोकांनी ते मापासाठी उचलून धरले. पण ते मोठे करायला गेले की वर मलई धरते किंवा तळाला साका बसतो.

या पट्टीसाठी १९८० च्या दशकात जी पद्धत रुळली ती डिस्पर्शन पॉलिमरायझेशन. ब्रिटनच्या आयसीआयमधल्या रंगाच्या संशोधकांनी तेलकट द्रावकांत तिचा पाया घातला होता. बॅरेट यांनी संपादित केलेला त्यावरचा ग्रंथ १९७५ चा. स्टायरीन आणि अल्कोहोलमध्ये एकसारखे मणी मिळतात हे १९८२ साली आल्मोग, राइख आणि लेव्ही यांनी दाखवले. त्यानंतर अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाने आणि कॅनडात झेरॉक्सच्या संशोधन केंद्राने तिचा कसून अभ्यास केला. झेरॉक्सला त्यात रस का, तर छपाईची कोरडी शाई, म्हणजे टोनर, हीसुद्धा पाच-दहा मायक्रॉनची भुकटीच.

पाककृती इतकी साधी आहे की कोणत्याही एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत मांडता येते. गोल बुडाचा फ्लास्क. त्यात इथेनॉल, शंभराला दहा-पंधरा भाग स्टायरीन, स्टॅबिलायझर म्हणून थोडे पीव्हीपी (हेच औषधाच्या गोळ्या बांधायलाही वापरतात), आणि क्रिया सुरू करायला स्टायरीनच्या एक टक्का एआयबीएन. नायट्रोजन सोडून आतली हवा काढायची, सत्तर अंशांच्या पाण्यात ठेवायचे, हळू ढवळायचे, आणि दुसऱ्या दिवशी यायचे. सगळे घटक अल्कोहोलमध्ये विरघळतात, त्यामुळे सुरुवातीला फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ असतो. थोड्या वेळाने निळसर झाक येते, मग तो दुधाळ होतो. त्या काही मिनिटांतच सगळा निकाल लागतो.

आत काय घडते ते असे. स्टायरीन अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिस्टायरीन विरघळत नाही. साखळी एका ठराविक लांबीची झाली की ती द्रावणात राहू शकत नाही, बाहेर पडते. अशा साखळ्या गोळा होतात, त्यांच्यावर पीव्हीपी चिकटते, काही ठिकाणी तर रासायनिक बंधाने धरते, आणि कणाभोवती केसाळ अस्तर तयार होते. अस्तर पुरे पडेपर्यंत छोटे गोळे एकमेकांत मिसळत राहतात. पुरे पडले की थांबतात. तिथे मण्यांची संख्या ठरली. यापुढे द्रावणात जन्मलेली प्रत्येक नवी साखळी बाहेर पडायच्या आतच जवळच्या मण्याला चिकटते, कारण मणी आता इतके झालेले असतात की त्यांना चुकवून नवा अंकुर धरणे शक्य नसते. दाट उगवलेल्या रानात तणाला जागा मिळत नाही तसे. स्टायरीनच्या जेमतेम एक टक्क्याचे पॉलिमर होते न होते तोच हे सगळे उरकलेले असते. उरलेले नव्व्याण्णव टक्के फक्त मणी मोठे करण्यात जाते.

आकड्यांत सांगायचे तर दहा ग्रॅम पॉलिस्टायरीनचे दोन मायक्रॉनचे मणी केले तर ते सुमारे सव्वादोन लाख कोटी होतात. एवढ्यांचा जन्म थोड्या मिनिटांत, एकाच वाफशावर. आणि एकदा एकत्र जन्मले की वाढ फरक कमी करत जाते. समजा एका कणाची त्रिज्या ०.१ मायक्रॉन आणि दुसऱ्याची ०.२, म्हणजे दुप्पट. दोघांवर ०.९ मायक्रॉनचा सारखा थर चढला तर ते १.० आणि १.१ होतात. दुपटीचा फरक दहा टक्क्यांवर आला. प्रत्यक्षात चांगल्या खेपेत मापातली तफावत तीन ते पाच टक्क्यांच्या आत राहते. जन्म थोडक्यात आटपावा आणि मग फक्त वाढ व्हावी, हे तत्त्व ला मेर यांनी १९५० साली गंधकाच्या कणांवर काम करताना मांडले होते. पॉलिमरवाल्यांनी ते उसने घेतले.

पीव्हीपी वाढवले तर मणी लहान आणि जास्त होतात. एआयबीएन वाढवले किंवा तापमान वाढवले तर मोठे होतात. अल्कोहोलमध्ये पाणी घातले तर साखळ्या लवकर बाहेर पडतात आणि मणी पुन्हा लहान. दुधाळ होण्याच्या त्या वेळेत तापमान मात्र हलता कामा नये. आमच्याकडच्या भारनियमनाच्या दिवसांत पाण्याचे भांडे मधेच थंड झाले, वीज आल्यावर पुन्हा तापले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या मण्यांच्या मधे बारीक पिल्लावळ दिसली, असे व्हायचेच. रसायनशास्त्रात याला दुय्यम अंकुरण म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत दुबार पेरणी.

आता या सुरळीत चाललेल्या संसारात डीव्हीबी आणा.

मी विद्यार्थी असताना एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा उद्योग केला होता. हिशेब सरळ वाटला: स्टायरीनमध्ये दोन टक्के डीव्हीबी मिसळून टाकू, मणी आतून आपोआप बांधले जातील. तासाभरात ढवळणीभोवती फाटलेल्या दुधासारखा गोळा जमला. जे थोडे तरंगत राहिले ते गोल नव्हते, कारल्यासारखे खडबडीत होते, आणि एका मापाचे तर मुळीच नव्हते. तेव्हा वाटले आपला हात वाईट. नंतर वाचनात आले की जगभर सगळ्यांचे तेच झाले होते. सुरुवातीपासून घातले तर एक टक्क्याच्या आतबाहेर डीव्हीबीसुद्धा खेप बिघडवायला पुरते.

कारणे तीन-चार आहेत आणि सगळी त्या पहिल्या मिनिटांवर येऊन पडतात. डीव्हीबीला दोन हात असतात, त्यामुळे साखळीला फांद्या फुटतात आणि ती लवकरच, वेगळ्याच लांबीवर बाहेर पडते. अंकुर जास्त फुटतात आणि फार वेळ फुटत राहतात. डीव्हीबी स्टायरीनपेक्षा जास्त चपळ असल्यामुळे सुरुवातीलाच संपत येते, म्हणजे नेमके जन्माच्या वेळी त्याची गर्दी सर्वांत जास्त. मण्याच्या पृष्ठभागावर त्याचा एक हात मोकळा राहिला तर तो शेजारच्या मण्याला धरतो आणि दोघे शिवले जातात. शिवाय बांधलेला गोळा फुगत नाही. साधा कोवळा मणी स्टायरीन शोषून मऊ असतो, नवी साखळी त्यात मुरते आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. घट्ट मण्यात ती मुरत नाही, वर ढेकूळ होऊन बसते. कारल्याचे कोडे इथे सुटते.

उपाय आज ऐकताना अगदी साधा वाटतो. बी उगवून येईपर्यंत त्याच्याजवळ जास्त खत टाकू नये, अंकुर जळतो, आणि वरखत नंतर द्यावे, हे कुठलाही शेतकरी सांगेल. डिस्पर्शनच्या संशोधकांना हे टप्प्याटप्प्याने कळत गेले. १९९३ साली लीहायच्या हत्तोरी, सुडोल आणि एल-आसर यांनी डिस्पर्शनमधून जास्त क्रॉसलिंकचे कण मिळवण्याचा प्रयत्न मांडला. १९९५ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात थॉमसन, रुडिन आणि लाज्वा यांनी डीव्हीबी एकदम न घालता क्रिया चालू असताना थोडे थोडे सोडले. त्यांच्या कामातली खरी खोच एकसारख्या मापाइतकीच एकसारख्या बांधणीत आहे. चपळ डीव्हीबी एकदम घातले तर मण्याचा गाभा घट्ट आणि कवच सुटे राहते. खपेल तसे देत गेले तर मणी आतून बाहेरपर्यंत सारखा बांधला जातो. आणि २००४-०५ मध्ये टोरांटोच्या मिचेल विनिक यांच्या गटात सॉंग यांनी तत्त्व अगदी नेमके करून ठेवले: पहिल्या टप्प्यात फक्त जन्म होऊ द्या, अंकुरण पूर्ण थांबू द्या, आणि मगच दुसऱ्या टप्प्यात तुमचे जे काही अवघड पाहुणे असतील, डीव्हीबी असो, रंगद्रव्य असो की आम्लगट असलेला मोनोमर असो, ते आत घ्या. मण्यांची संख्या आधीच ठरलेली असल्यामुळे पाहुण्यांना जन्मात लुडबूड करता येत नाही.

माझ्या मते या सगळ्या शाखेतला सर्वांत सुंदर विचार हाच आहे. त्यात नवे रसायन नाही, नवे यंत्र नाही. तेच फ्लास्क, तेच पीव्हीपी, तीच डीव्हीबीची बाटली. बदलली ती फक्त वेळ.

पण त्यालाही मर्यादा आहे, आणि काही लेखांतून ती जरा झाकली जाते. दोन टप्प्यांनी मिळतात ते हलके ते मध्यम क्रॉसलिंकचे मणी. टोल्युइनमध्ये फुगतील पण विरघळणार नाहीत, एवढे ते बांधलेले असतात. पाणी मृदू करणाऱ्या दाण्यात आठ टक्के डीव्हीबी सर्रास असते, उच्च दाबाच्या क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभात त्याच्या कितीतरी पट. तिथे ही पद्धत धापा टाकू लागते: मण्यांत शिरून फुगवायला जागा उरत नाही आणि डीव्हीबी बाहेरच नवे अंकुर धरू लागते.

अशा कामांसाठी दुसऱ्या वाटा आहेत. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला जॉन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकात बारीक एकसारख्या कणांना आधी एका तेलकट पदार्थाने तयार केले, मग त्यांनी आपल्या आकारमानाच्या शेकडो पट मोनोमर आणि डीव्हीबी शोषून घेतले. बीज एक, पीक मोठे, आणि सगळे सारख्या मापाचे. त्याच सुमारास लीहायचे व्हँडरहॉफ यांना वाटले की मोठे मणी वर तरंगतात किंवा खाली बसतात म्हणून बिघडतात, तर ते वजन नसलेल्या जागी करावेत. त्यांची भट्टी १९८२ मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून पहिल्यांदा वर गेली, आणि अवकाशात तयार झालेले दहा मायक्रॉनचे मणी १९८५ पासून प्रमाण माप म्हणून विकले गेले. उगेलस्टाड यांनी तेच जमिनीवर, फारसा गाजावाजा न करता केले. पुढे त्यांच्याच मण्यांत लोह भरून चुंबकाने ओढता येणारे मणी झाले, जे आज जगभरच्या प्रयोगशाळांत रक्तातल्या पेशी निवडायला वापरतात. अवकाशयानाची बातमी मोठी झाली. काम मात्र ट्रॉन्डहाइमचे टिकले.

तिसरी वाट १९९३ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून ली आणि श्टोव्हर यांनी दाखवली. स्टॅबिलायझर मुळीच नाही. अॅसिटोनायट्राइलमध्ये थोडेसे डीव्हीबी, आणि मिळतात ते घट्ट, स्वच्छ, एकसारखे मणी. मण्याच्या पृष्ठभागावरचे सैल, फुगलेले जाळेच त्याला शेजाऱ्यापासून दूर ठेवते. किंमत द्यावी लागते ती द्रावकात: शंभर भागांत दोन-चार भागच मोनोमर चालतो, बाकी सगळे अॅसिटोनायट्राइल. प्रयोगशाळेत ठीक, कारखान्यात खर्चिक.

आपल्याकडेही डिस्पर्शनच्या घराण्यातले काम झाले आहे. एनसीएलमध्ये १९९० च्या दशकात पी. जी. शुक्ला आणि एस. शिवराम यांच्या गटाने पॅराफिन तेलात पॉलियुरेथेनचे गोल सूक्ष्मकण केले. तिथे पाणी चालत नाही, कारण पॉलियुरेथेनच्या घडणीतले आयसोसायनेट पाण्याशीच भिडते, म्हणून तेलात तरंगवणारा, एक टोक कणाला आणि दुसरे टोक तेलाला धरणारा खास स्टॅबिलायझर लागतो. शिवराम पुढे एनसीएलचे संचालक झाले. त्याच संस्थेतून त्याआधीच्या दशकात 'जलशक्ती' हे स्टार्चवर आधारलेले पाणी धरणारे पॉलिमर कोरडवाहू शेतीसाठी बाहेर पडले होते. त्याचे दाणे गोल नव्हते, एकसारखे नव्हते; साखळ्या मात्र एकमेकींना बांधलेल्या होत्या, नाहीतर ओल धरण्याऐवजी त्याची खळ झाली असती. क्रॉसलिंकिंगचा मराठवाड्याला समजेल असा धडा त्यात होता.

आक्षेपाची बाजू सोडून चालणार नाही. हे मणी कुजत नाहीत. तोंड धुण्याच्या साबणात घातलेले प्लॅस्टिकचे दाणे अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने बंद केले, आणि युरोपने २०२३ साली हेतुपुरस्सर घातलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर व्यापक बंधने आणली. तपासणीच्या काचपट्टीवरचा थेंब आणि चेहऱ्याला चोळलेले मूठभर दाणे यांना एका मापाने मोजू नये, पण मणी करणाऱ्याने धुण्याचे पाणी मोरीत सोडू नये, एवढे तरी पाळावे. फ्लास्क धुतलेल्या अल्कोहोलमध्येच लाखो कोटी मणी असतात.

एवढ्या चर्चेनंतर माझा कौल असा. अर्ध्या मिलिमीटरचे दाणे हवे असतील तर बुंदी आणि चाळणी, उगाच शहाणपण नको. एक ते दहा मायक्रॉनचे, एकसारखे आणि विरघळणार नाहीत एवढे बांधलेले मणी हवे असतील तर दोन टप्प्यांचे डिस्पर्शन. अगदी घट्ट मणी हवे असतील तर उगेलस्टाड यांची फुगवण्याची पद्धत किंवा अॅसिटोनायट्राइल. प्रकाशाने क्रिया सुरू करून अंकुरण आणखी झटपट उरकण्याचे प्रयोग गेल्या दशकात बरेच झाले आणि ते आशादायक आहेत, पण त्यांनी दोन टप्प्यांची गरज संपवलेली नाही.

लातूर-औशाकडच्या महाविद्यालयांत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे. इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो अर्ज आधी करा. नाही मिळाला तर आयसोप्रोपॅनॉलवर काम चालते, फक्त मण्यांचे माप पुन्हा जुळवून घ्यावे लागते. बाटलीतल्या डीव्हीबीत ते साठवणीत घट्ट होऊ नये म्हणून घातलेला रोधक असतो, तो अल्कलीच्या पाण्याने धुऊन काढा. वीज जाण्याची वेळ टाळून सुरुवात करा. फ्लास्क निळसर कधी झाला आणि दुधाळ कधी, ते घड्याळ बघून वहीत मिनिटांत लिहा. आणि त्यानंतर चांगला वेळ जाईपर्यंत डीव्हीबीच्या बाटलीचे झाकण काढू नका.